जीए मोजायला काटा कोणता घ्यावा? द्राक्षबागायतदारांसाठी निवडीपासून रोजच्या वापरापर्यंत

गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर बाग पोपटी अवस्थेत, म्हणजे कोवळे घड पोपटी दिसू लागण्याच्या टप्प्यात आली की दिंडोरी, निफाड, चांदवडच्या पट्ट्यात जीएची, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाची धावपळ सुरू होते. फवारणीच्या ब्लोअरची टाकी ६०० लिटरची, पण तिच्यात पडणारं जीए जेमतेम सहा-सात ग्रॅम. घडाची लांबी, मण्याची फुगवण आणि काही अंशी पुढच्या वर्षीची घडधारणासुद्धा एवढ्याशा पांढऱ्या भुकटीवर ठरते. तरी ती भुकटी अजूनही कित्येक ठिकाणी ‘अर्धी पुडी’, ‘चमच्याच्या टोकावर बसेल एवढी’ अशी मोजली जाते. पंपावर डिझेलचा आकडा पॉइंटपर्यंत बघणारा माणूस जीएच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवतो.

जीए जास्त गेलं तर घडाचे दांडे जाड आणि ठिसूळ होतात, लाकडासारखे वाटायला लागतात, मणी हात लावताच गळतात आणि पुढच्या हंगामात वांझ काड्या वाढतात. कमी गेलं तर घड गच्च राहतो. मग विरळणीला मजूर जास्त लागतात, आणि आतला मणी दबून कुजायला लागला की औषधांचा खर्च वेगळा. दोन्हीकडून पैसे आपल्याच खिशातून जातात.

मात्रा किती आणि कोणत्या दिवशी, हे इथे सांगणार नाही. ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींवरून, बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून आणि आपल्या सल्लागाराकडून घ्यावं. वाण आणि बागेची स्थिती बघूनच ते ठरतं. खाली आलेले १०, ४० पीपीएमचे आकडे फक्त हिशेब समजावण्यासाठी आहेत. ठरलेली मात्रा टाकीत तेवढीच कशी पडेल आणि त्यासाठी काटा कोणता लागेल, एवढाच आपला विषय.

आधी कागद-पेन, काटा नंतर

काटा घ्यायला निघण्याआधी वहीत एकच गोष्ट लिहा: मला कमीत कमी किती वजन करायचं आहे? काट्याची निवड या एका आकड्यावर होते. जास्तीत जास्त किती वजन पेलतो, हे जवळजवळ कधीच अडत नाही.

हिशेब सोपा आहे. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. म्हणून पीपीएम गुणिले पाण्याचे लिटर, भागिले १०००, की शुद्ध जीएचे ग्रॅम मिळतात. ६०० लिटरला १० पीपीएम म्हणजे ६ ग्रॅम. २०० लिटरच्या ड्रमला १० पीपीएम म्हणजे २ ग्रॅम. डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) १० लिटरची बादली ४० पीपीएमने करायची तर ०.४ ग्रॅम.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे पाकिटावरची टक्केवारी. बाजारात तांत्रिक जीए साधारण ९० टक्के शुद्धतेचं मिळतं, तर पाण्यात विरघळणारं दाणेदार जीए ४० टक्क्यांचं असतं. शुद्ध ६ ग्रॅम हवे असतील तर ९० टक्क्यांच्या भुकटीचे ६.६७ ग्रॅम लागतात, ४० टक्क्यांच्या दाण्यांचे १५ ग्रॅम. दुकानदाराने या वर्षी पाकीट बदलून दिलं आणि आपण गेल्या वर्षीचाच आकडा धरला, तर जगातला सगळ्यात महाग काटासुद्धा वाचवू शकत नाही. सल्लागार ‘टाकीला ६ ग्रॅम टाका’ म्हणाला तर तो शुद्ध जीए सांगतोय की पाकिटातला माल, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

‘१ ग्रॅमच्या पुड्या मिळतात, मग काटा कशाला?’ हाही प्रश्न येतो. सहा पुड्या फोडून टाकल्या की ६ ग्रॅम झाले, हे खरं. पण ६.६७ ग्रॅम कसे करणार? आणि पुडीत खरोखर किती आहे ते कोण बघतं? भरलेली पुडी काट्यावर ठेवा, आकडा लिहा, रिकामी करून पुन्हा ठेवा, वजाबाकी करा. कोपऱ्यात चिकटून राहिलेली भुकटीही या वजाबाकीत पकडली जाते. ते पुडीतच राहिलेलं जीए आपण विकत घेऊन उकिरड्यावर टाकत असतो.

शेवटचा आकडा दिसतो, पण तो खरा असतो का?

काट्याच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं: ०.०१ ग्रॅम. म्हणजे पडद्यावर दिसणारी सगळ्यात लहान पायरी ०.०१ ची. वजन तेवढं अचूक येईल, असा त्याचा अर्थ होत नाही. साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यात शेवटचा आकडा एक-दोन घरं इकडे-तिकडे होणं नेहमीचंच. ०.०१ चा काटा म्हणजे व्यवहारात ०.०२ ची चूक धरून चाला.

आता ही चूक आपल्या वजनाशी ताडून बघा. ६.६७ ग्रॅममध्ये ०.०२ ची चूक म्हणजे जेमतेम ०.३ टक्के, विसरून जा. ०.४ ग्रॅममध्ये तीच ०.०२ म्हणजे ५ टक्के. ०.१ ग्रॅममध्ये २० टक्के, म्हणजे मोजलं काय आणि अंदाजाने टाकलं काय, फरक फार नाही.

यावरून कामापुरता नियम असा करता येतो: जे सगळ्यात लहान वजन करायचं, ते काट्याच्या शेवटच्या पायरीच्या किमान ५० पट असावं. १ ग्रॅम पायरीच्या काट्यावर ५० ग्रॅमच्या खाली जाऊ नये. ०.१ च्या काट्यावर ५ ग्रॅमच्या खाली नको. ०.०१ च्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमपर्यंत बिनधास्त. त्याखाली जायचं असेल तर ०.००१ चा काटा हवा, नाहीतर वजन करण्याची पद्धत बदलायला हवी. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. का ते डिपिंगच्या भागात येईल.

मिलिग्रॅमच्या मागे लागण्याआधी आणखी एक तपासणी करा. ब्लोअरच्या टाकीवरची ६०० ची रेघ खरी आहे का? वीस लिटरच्या बादलीने किंवा वॉटर मीटरने टाकी एकदा मोजून भरा आणि पातळी येईल तिथे पक्क्या रंगाने खूण करा. टाकी तिरक्या बांधावर उभी करून भरली तर २०-३० लिटरचा फरक सहज पडतो. ३० लिटर म्हणजे ५ टक्के. पाण्यात ५ टक्के चूक असताना भुकटी मिलिग्रॅमपर्यंत मोजण्याला काही अर्थ नाही.

बाजारात काय काय मिळतं

स्वयंपाकघरातला सपाट काटा, ५ किंवा १० किलोचा, १ ग्रॅम पायरीचा. जीएसाठी हा बाद. ६ ग्रॅमला तो कधी ५ दाखवील, कधी ७.

खिशातला काटा, २०० ते ५०० ग्रॅम पेलणारा. यात ०.१ आणि ०.०१ असे दोन प्रकार दिसायला हुबेहूब सारखे असतात, खोकंही तसंच. घेताना पडदा चालू करून शून्यापुढे टिंब आणि नंतर दोन आकडे दिसतात का ते बघा. २०० ग्रॅम बाय ०.०१ हा नव्वद टक्के बागायतदारांना पुरणारा काटा आहे. किंमत साधारण काहीशे रुपये, म्हणजे एका फवारणीच्या औषधापुढे काहीच नाही.

मिलिग्रॅमचा छोटा काटा, २० किंवा ५० ग्रॅमचा, ०.००१ पायरीचा. सोबत झाकण, चिमटा, छोटं पारडं येतं. कागदावर फार आकर्षक. पण त्याच्या शेवटच्या आकड्याला श्वाससुद्धा सहन होत नाही. पॅक हाऊसच्या शेडमध्ये, बाहेर ट्रॅक्टर सुरू असताना तो स्थिर होण्याची वाट बघत बसावं लागतं. घरात, बंद खोलीत, निवांत काम करणाऱ्याला ठीक आहे. सहा-बीए या संजीवकासारखी भुकटी एखाद-दोन झाडांवर प्रयोगापुरती लागते अशांनी घ्यावा.

सराफी काटा, ३०० किंवा ६०० ग्रॅमचा, ०.०१ पायरीचा, वर काचेची किंवा ॲक्रिलिकची पेटी, खाली लेव्हलचा बुडबुडा आणि फिरवायचे पाय. किंमत खिशातल्या काट्याच्या कित्येक पट, पण टिकतो, आकडा लवकर स्थिर होतो आणि बिघडला तर दुरुस्त होतो. तीन-चार भावांची एकत्र बाग असेल किंवा गटाने औषध तयार होत असेल तर हाच घ्या. नाशिकच्या सराफ बाजारात कुठल्याही सोनाराला ‘तुमचा काटा कोण दुरुस्त करतो’ एवढं विचारलं की काटेवाल्याचं नाव मिळतं, आणि असा माणूस ऑनलाइन विक्रेत्यापेक्षा शंभर पटीने कामाचा.

सोनाराकडचा जुना, काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा काटा घरात असेल तर त्याला कमी लेखू नका. त्याला सेल लागत नाही, तो तापमानाने भरकटत नाही आणि धारा शाबूत असतील तर गुंजेचा फरकसुद्धा दाखवतो. ९६ गुंजांचा तोळा, तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे गुंज सव्वाशे मिलिग्रॅमच्याही आतली. अडचण एवढीच की त्याला ग्रॅममधली लहान वजनं स्वतंत्र घ्यावी लागतात आणि हात शांत लागतो.

वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का हवा का, असं कुणी विचारतं. तो शिक्का खरेदी-विक्रीच्या काट्याला लागतो. आपण स्वतःच्या बागेचं औषध स्वतः मोजतो, तिथे गरज नाही. मात्र शिक्का असलेला काटा तपासून आलेला असतो, हा फायदा आहेच.

दुकानात पैसे देण्याआधी

ऑनलाइन मागवला तर हेच घरी, परत करण्याची मुदत संपायच्या आत करावं.

काटा चालू करून पाच मिनिटं तसाच ठेवा. मग २० ग्रॅमचं वजन ठेवा, उचला, पुन्हा ठेवा, असं पाच-सहा वेळा करा. २०.००, २०.०१, २०.००, १९.९९ असे आकडे आले तर उत्तम. एकदा २०.०३ आणि एकदा १९.९६ येत असेल तर तो काटा परत करा, मग त्याचा पडदा कितीही झगमगीत असो. प्रत्येक वेळी २०.०५ येत असेल तर ते चालेल, कारण ती चूक कॅलिब्रेशनने, म्हणजे प्रमाण वजन ठेवून काट्याचा आकडा बरोबर लावून घेतला की निघते. आकडा दर वेळी वेगळा येण्यावर मात्र काहीच इलाज नसतो.

तेच वजन पारड्याच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. भुकटीचा कागद कधीच बरोबर मधोमध बसत नाही, म्हणून कोपऱ्यात फार फरक पडता कामा नये. मग वजन दहा मिनिटं तसंच राहू द्या. आकडा हळूहळू चढत किंवा उतरत असेल, किंवा वजन उचलल्यावर शून्यावर परत येत नसेल, तर लोडसेल (वजन जोखणारा आतला भाग) हलक्या प्रतीचा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. पारड्यावर कागद ठेवून शून्य करा आणि अगदी चिमटी-चिमटीने, सावकाश, साखरेचे चार-चार दाणे टाकत जा. पुष्कळ काटे या वेळी ०.०० च दाखवत राहतात. शून्याजवळचा बारीक बदल हा वाऱ्याचा किंवा तापमानाचा भरकटलेपणा समजून काटा स्वतःच गिळून टाकतो. दुकानात वजन एकदम ठेवलं की हा दोष दिसत नाही, आणि जीए मात्र आपण नेमकं असंच हळूहळू सोडतो. पडद्यावर ०.४४ येईपर्यंत कागदावर त्याहून जास्त पडलेलं असतं. हा स्वभाव बहुतेक स्वस्त काट्यांत असतो, त्यामुळे काटा नाकारण्याची गरज नाही, पण आपल्या काट्याला तो आहे की नाही हे माहीत हवं. त्यावरचा उपाय पुढे येतोच.

काटा आपोआप बंद कितीव्या सेकंदाला होतो तेही बघा. भुकटी टाकताना मध्येच पडदा विझला की कागदाचं शून्य गेलं आणि सगळं पहिल्यापासून. दोन-तीन मिनिटं तरी चालू राहणारा हवा.

आणि एककाचं बटण. या छोट्या काट्यांवर ग्रॅमशिवाय कॅरेट, औंस, ग्रेन अशी एककं असतात. कॅरेट हिऱ्यांसाठी, ग्रेन परदेशात बंदुकीची दारू तोलणाऱ्यांसाठी. आपल्याला दोन्हीचा उपयोग नाही. चुकून बटण दाबलं जाऊन काटा कॅरेटवर गेला तर पडद्यावरचे ६.६७ म्हणजे खरे १.३३ ग्रॅम. ग्रेनवर गेला तर अर्ध्या ग्रॅमच्याही आत. आकड्यापुढचं छोटं अक्षर दर वेळी वाचायचं.

कॅलिब्रेशनचं वजन: हे टाळू नका

काट्यासोबत वजन आलं नसेल तर वेगळं घ्या. किती ग्रॅमचं लागतं ते काट्याच्या पुस्तिकेत असतं, बहुधा १०० किंवा २००. वजनांना वर्ग असतात. एम-१ वर्गाच्या १०० ग्रॅम वजनात ५ मिलिग्रॅमपर्यंत फरक चालतो, म्हणजे ०.०१ च्या काट्याला ते पुरतं. मिलिग्रॅमचा काटा असेल तर एफ वर्गाचं घ्यावं लागेल आणि तिथे खर्च वाढतो. शिवाय ५ किंवा १० ग्रॅमचं एक छोटं वजन वेगळं असावं. १०० ग्रॅमला काटा बरोबर दाखवतो म्हणजे ५ ग्रॅमलाही बरोबर दाखवेल असं नाही, आणि आपलं काम तर तिथेच आहे.

वजन बोटांनी धरू नका. घामाचा थर आणि पुढे गंज, दोन्ही वजन बदलतात. चिमट्याने किंवा स्वच्छ फडक्याने उचलायचं आणि डबीतच ठेवायचं.

काटा नवा आणला की आपल्या जागेवर एकदा कॅलिब्रेट करावाच. लोडसेल खरं तर वस्तूवरचं पृथ्वीचं ओढणं मोजतो, आणि ते सगळीकडे सारखं नसतं. उत्तर युरोपात कॅलिब्रेट केलेला काटा पुन्हा कॅलिब्रेट न करता नाशिकला वापरला तर १०० ग्रॅममागे ०.३ ग्रॅमच्या आसपास कमी दाखवेल. ६ ग्रॅममध्ये हा फरक जेमतेम एक-दोन पायऱ्यांचा. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदा लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

रोजच्या तपासणीला पाच रुपयांचं एक नाणं पुरतं. २०११ ते २०१८ दरम्यानचं पितळी रंगाचं नाणं ६ ग्रॅमचं, म्हणजे आपल्या वजनाच्या अगदी जवळ. पण नाणी झिजतात, म्हणून त्याला प्रमाण मानू नका. काटा नीट लावून झाला की एकच नाणं निवडा, त्याचं वजन वहीत लिहा आणि ते काट्याच्या डबीत कायमचं ठेवून द्या. रोज सकाळी तेच नाणं, तोच आकडा. आकडा बदलला की समजायचं, काट्याला काहीतरी झालंय.

जागा आणि थंडी

डिपिंग बहुधा डिसेंबरच्या आसपास येतं, आणि त्या दिवसांत निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. रात्रभर शेडमध्ये राहिलेला काटा पहाटे उचलून घरात आणला आणि लगेच वापरला तर आकडा सरकत राहतो. काटा रात्री घरातच ठेवा, नाहीतर अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कोरड्या थंडीचा दुसरा त्रास म्हणजे स्थिर वीज. प्लास्टिकच्या वाटीत जीए घेतलं की भुकटी कडेला चिकटते, उडते, आणि वाटीवरच्या विजेने आकडाही नाचतो. प्लास्टिक नकोच. बटर पेपरचा चौकोन घ्या, मधोमध घडी घालून उघडा. घडीतून भुकटी सरळ बाटलीत घसरते, कागदावर काही राहत नाही.

टेबल घट्ट हवं. भिंतीला लागलेला दगडी कट्टा सगळ्यात चांगला, पत्र्याचं डुगडुगतं टेबल सगळ्यात वाईट. पंखा बंद, दार लोटलेलं, मोबाइल काट्यापासून हातभर लांब. फोन आला की आकडा उडी मारतो, हे ज्याला खोटं वाटतं त्याने काट्याशेजारी फोन ठेवून स्वतःलाच कॉल लावून बघावा. सगळे काटे बिघडत नाहीत, पण स्वस्त काटे हमखास.

आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको. औषधाचा काटा, चमचा, वाटी एकदा औषधाची झाली की घरात परत यायची नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, पोरं लांब.

वजन करण्याची रीत

काटा चालू करा, पाच मिनिटं थांबा. नाणं ठेवून आकडा बघा.

मघाशी सांगितलेल्या गिळण्याच्या सवयीवरचा उपाय इथे कामाला येतो. नाणं उचलू नका. त्याच्यावर घडीचा कागद ठेवा आणि शून्याचं बटण न दाबता जो आकडा येईल तो लिहा, समजा ६.४२. हवेत ६.६७ ग्रॅम, म्हणजे पडद्यावर १३.०९ यायला हवं. काटा शून्यापासून लांब असल्यामुळे बारीक चिमटीही मोजली जाते. डोक्यात बेरीज करायचा आळस असेल तर कागदावर करा, पण शून्य करू नका.

भुकटी सोडताना शेवटचा अर्धा ग्रॅम चमच्याच्या दांड्यावर हलकी टिचकी मारून पाडायचा. थोडी जास्त पडली तर कोरड्या चमच्याने काढा, पण ती पाकिटात परत टाकू नका. आकडा आला की कागद अलगद उचला, पुन्हा ठेवा. तोच आकडा परत आला तर वजन पक्कं.

मग ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये भुकटी पूर्ण विरघळवा. थेट पाण्यात टाकलेलं ९० टक्क्यांचं तांत्रिक जीए फार सावकाश विरघळतं आणि गाठी नोझलपर्यंत जातात. ॲसिटोन पेट घेतं, चूल, गॅस, विडी काहीही जवळ नको. कडक पारदर्शक प्लास्टिकचा पेला त्यात पांढरा पडून विरघळतो, म्हणून काचेचं भांडं वापरा. टाकीतल्या पाण्याचा सामू (पीएच) आधी तपासलेला असावा. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात जीए लवकर निकामी होतं. काट्यावर मिळवलेली अचूकता सामूमध्ये घालवू नये.

तारीख, प्लॉट, पाकिटाची टक्केवारी, वजन, लिटर, सगळं तिथल्या तिथे वहीत लिहा. निर्यातीच्या बागेला ग्रेपनेटसाठी (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या अपेडाच्या प्रणालीसाठी) फवारणीच्या नोंदी लागतातच. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हापासून ‘कधी, किती मारलं’ या प्रश्नाला वहीशिवाय उत्तर नाही.

डिपिंगला अर्धा ग्रॅम मोजूच नका

डिपिंगची टोळी दिवसभर बादल्या भरत राहते. प्रत्येक १० लिटरला ४० पीपीएमने ०.४ ग्रॅम, ९० टक्क्यांची भुकटी धरली तर ०.४४. एवढं दर बादलीला तोलायचं म्हणजे काट्याच्या हद्दीवर काम आणि दिवसभर चुकीची शक्यता.

म्हणून एकदाच मोठं वजन करा. ९० टक्क्यांची भुकटी ४.४४ ग्रॅम घ्या, म्हणजे शुद्ध जीए ४ ग्रॅम. काचेच्या मोजपात्रात अल्कोहोलमध्ये विरघळवून एकूण २०० मिलि करा. आता प्रत्येक मिलिमध्ये २० मिलिग्रॅम जीए आहे. दर बादलीला २० मिलि टाकलं की ४०० मिलिग्रॅम, म्हणजेच १० लिटरला ४० पीपीएम. दहा बादल्या एका वजनात. ४.४४ ग्रॅममध्ये ०.०२ ची चूक अर्ध्या टक्क्याचीही नाही, आणि २० मिलि मोजायला लहान मोजपात्र किंवा सिरिंज पुरते. सिरिंजचा रबरी दट्ट्या ॲसिटोनने फुगतो, म्हणून इथे अल्कोहोल बरं.

मिलिग्रॅमच्या काट्यापेक्षा मी ही रीत पसंत करतो ती यासाठीच: टोळीच्या मुकादमाला काटा शिकवावा लागत नाही, फक्त ‘बादलीला एक माप’ सांगायचं. द्रावण त्याच दिवशी संपवा, बाटलीवर ठळक नाव लिहा, झाकण घट्ट लावा. बादलीवर १० लिटरची खूण मात्र स्वतः करा; बाजारातल्या बादलीवर छापलेले लिटर काठोकाठचे असतात.

बाकीच्या भुकट्या

मँकोझेबसारखं बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅमने ६०० लिटरला १२०० ग्रॅम लागतं. त्याला छोटा काटा वापरायचा नाही, लोडसेल कायमचा वाकेल. पाच किलोचा, १ ग्रॅम पायरीचा साधा काटा औषधासाठी वेगळा ठेवा. म्हणजे शेडमध्ये दोन काटे: शेकड्यातलं वजन मोठ्यावर, ५० ग्रॅमच्या आतलं छोट्यावर. युरासिलसारखी भुकटी टाकीला वीस-तीस ग्रॅम लागत असेल तर तीही छोट्यावरच.

निगा

छोटा काटा एका उंचीवरून पडला किंवा पारड्यावर चुकून कुणी हाताचा भार दिला तर तो दिसायला चांगला राहतो पण आकडे बिघडतात. अशा वेळी नाणं ठेवून बघा, मग २० ग्रॅमची पाच-सहा वेळची परीक्षा घ्या. कॅलिब्रेट करूनही आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर खिशातला काटा दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, नवा घ्या. सराफी काटा असेल तर काटेवाल्याकडे न्या.

सेल उतरायला लागले की आकडा सरकतो, म्हणून पहिल्या जीएच्या आधी नवे सेल घाला. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा काटा असेल तर वजन करताना वायर काढून ठेवा. भुकटी सांडली तर कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं पारड्याच्या खाली गेलं की आत पाणी शिरतं. माल उतरून एप्रिलची खरड छाटणी झाली आणि बारीक वजनाचं काम संपलं की सेल काढा, पारड्यावर काही न ठेवता काटा डबीत घाला, सोबत नाणं आणि वजनाची डबी ठेवा. सटाण्याकडे अर्ली छाटणी जून-जुलैतच सुरू होते, तिथल्यांनी तो पावसाळ्यात बाहेर काढताना आधी एक दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवावा.